फावडं सोडून

“कुत्रं पुरलंय की काय इथं?” कार्लटननं विचारलं.

मागचं अंगण दोन चादरी वाळत घालण्याएवढं. मधोमध माणसाच्या लांबीचा मातीचा उंचवटा, एका बाजूनं जुन्या गालिच्याचं टोक बाहेर आलेलं, वर फळ्या, फळ्यांवर मार्चमधला उरलासुरला मळका बर्फ. कार्लटनच्या हातात मोजायची टेप होती. त्याची बार्बेक्यूची शेगडी नेमकी तिथंच बसत होती.

“कुत्रं नाही. अंजीर आहे,” अस्सुंताबाई मागच्या दारातून म्हणाल्या.

सोमवारी अस्सुंताबाईंचं हे घर मार्वा आणि तिचा नवरा कार्लटन यांचं होणार होतं. सह्या झाल्या होत्या, आज नुसती शेवटची पाहणी. टोरोंटोत असली भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरंसुद्धा आता कुणाला सहज मिळत नाहीत. मार्वानं एकवीस वर्षं शहराची बस चालवली, तेव्हा कुठं हे एक हाताला लागलं.

पाहणी तशी मजेत चालली होती. वरच्या स्वयंपाकघरातली शेगडी अडतीस वर्षांत एकदाही पेटली नव्हती. “ती दाखवायला,” अस्सुंताबाईंनी समजावलं. “स्वयंपाक तळघरात करायचा.”

“आणि पाहुणे आले की?”

“तेही तळघरातच जेवतात.”

जिथं तिथं त्यांच्या तिरप्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. बॉयलर कुरकुरला तर कुठं थोपटायचं, थंडीत कुठला नळ बंद ठेवायचा, कचरा कुठल्या वारी. अंजिराची चिठ्ठी मात्र कुठंच नव्हती.

“पण झाड पुरतात कशाला?” मार्वानं विचारलं.

“कालाब्रियाचं आहे ते, आमच्या इटलीतलं. नोव्हेंबरात एका बाजूची मुळं तोडायची, आडवं निजवायचं, पांघरूण घालायचं. तुमची इथली थंडी सोसत नाही त्याला.”

“आमची कसली, मिस अस्सुंता? आम्ही त्रिनिदादचे. आम्हांलाही सोसत नाही.”

“मग हिवाळ्यात तुला कोण पुरून ठेवतं?”

मार्वा मोठ्यानं हसली. कार्लटन हसला नाही. तो मापाचा आकडा तळहातावर लिहीत होता.

“बाहेर कधी काढायचं? तारीख सांगा, लिहून ठेवते.”

“तारीख नसते. लवकर काढलं तर गारठतं. उशीर झाला तर आतल्या आत कुजतं. माती हातात घेऊन बघावं लागतं.”

“मग बघते मी.”

“तुला कळायचं नाही.”

कार्लटननं पेन खिशात ठेवलं. “खरं सांगू का मिस अस्सुंता, राग मानू नका. आम्हांला झाड नकोच आहे. इथं शेगडी येणार.”

अस्सुंताबाई पायऱ्या उतरून सावकाश आल्या आणि सरकलेली एक फळी बुटाच्या टोकानं जागेवर ढकलली.

“सोमवारपासून अंगण तुमचं,” त्या म्हणाल्या. “आज शुक्रवार आहे.”

मार्वानं पर्समधून करारासोबतची यादी काढली. घरासोबत काय काय मिळणार आणि काय वगळून, ते तिनं गेल्या महिन्यात वाचलं होतं. फ्रिज राहणार, पडदे राहणार. झुंबर आणि संत अंतोनिओंची मूर्ती वगळून. आणि शेवटी, ‘फावडं एक, लाल दांड्याचं, वगळून’. तेव्हा ती आणि दलाल दोघंही खूप हसले होते.

“हे फावडं नेऊन काय करणार? लेकीकडे राहायला जाताय ना, तिथं सातव्या मजल्यावर कुठं खणणार तुम्ही?”

“माझं आहे.”

“तुमचंच आहे हो. पण तिथं...”

“पातं अरुंद आहे त्याचं. त्याच्यानंच निघतं हे झाड. दुसऱ्या कशानं मुळं तुटतात.” हे सगळं त्यांनी मार्वाकडे न बघता, फळ्यांकडे बघत सांगितलं.

मार्वानं यादीची घडी घातली. कुठंच जायचं नसताना बसमध्ये चढणारी म्हातारी माणसं तिनं एकवीस वर्षांत पुष्कळ पाहिली होती. पुढच्या सीटवर बसतात, शेवटच्या थांब्यापर्यंत हवेबद्दल बोलतात आणि उतरताना विचारतात, उद्या या वेळेला तूच असशील ना?

बाहेर लेकीनं हॉर्न वाजवला. अस्सुंताबाईंनी एका हातात मूर्तीची पिशवी घेतली, दुसऱ्या हातात फावडं. मार्वाला त्यांनी पिशवी धरू दिली, पण तिनं फावड्याला हात लावला तर ते छातीशी ओढलं.

“मम्मा, गाडीत मावणार नाही ते! राहू दे ना इथंच!” लेक ओरडली.

“खिडकी उघड.”

कार्लटन मार्वाच्या कानाशी आला. “कोपऱ्यावरच्या दुकानात हवी तेवढी फावडी मिळतात. झाड उपटणं एका दुपारचं काम आहे.”

“तसलं मिळत नाही,” मार्वा म्हणाली आणि गाडीपाशी गेली. वाकून तिनं आत पाहिलं. “मिस अस्सुंता, लेकीच्या घरापासून इथं थेट बस आहे. कोपऱ्यावरच थांबते. मला झाडातलं काही कळत नाही.”

मागच्या सीटवर बसलेल्या अस्सुंताबाई समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिल्या. लेकीनं गाडी सुरू केली, तेव्हा त्या वळल्या.

“बसमध्ये फावड्याचं तिकीट पडतं का?”

“नाही पडत. फक्त गर्दीच्या वेळेला येऊ नका.”

गाडी निघाली. मागच्या खिडकीतून लाल दांडा हातभर बाहेर आलेला, आणि आतून त्याला घट्ट धरलेली म्हातारी बोटं.

मार्वा परत आत आली. अंगणात टेप ओढल्याचा आवाज होत होता. कार्लटन आता शेगडीसाठी कुंपणालगतची जागा मोजत होता.