पोरीचं कोपर

ऐका, एक गोष्ट सांगतो. ऐकून तोंड कडू झालं तर मला बोल लावू नका.

बेसबॉलच्या टीमात चेंडू फेकणारी एक शाळकरी पोरगी होती. फेकलं की तिचं कोपर ठणकायचं. म्हाताऱ्या कोचनं तिची फेक मुळापासून बदलली. "अगं बाई, नुसत्या हातानं कशाला फेकतेस? पाय सरळ समोर टाक, कंबर फिरव, हात येतो आपोआप मागून!" असं ओरडून ओरडून बिचाऱ्याचा घसा बसला. पण एक दिवस पोरगी उड्या मारत आली, "सर, आज अजिबात नाही दुखलं!"

कोचनं हौसेनं तिच्या बापाला सांगितलं. बापानं बाजारात बैल तपासावा तसं तिचं कोपर चाचपलं आणि तिथंच दुसऱ्या एका टीमला फोन लावला. "हॅलो, हो, तुमच्या टीमकडूनही खेळेल ती. रविवारी रिकामीच असते."

"अहो, रविवारी हाताला विश्रांती नको?"

"दुखत नाही ना आता? मग विश्रांती कसली, सर?"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. कोच बाजूला जाऊन पचकन थुंकला. मग तिला कुंपणापाशी नेऊन नवा धडा द्यायला लागला: कोपर कसं धरायचं, डोळे कधी मिटायचे, "आई गं" किती हळू म्हणायचं.

 

पोरगी हुशार, लगेच शिकली. तेव्हा तिचा बाप कुठं भेटलाच, तर तुम्हीही तेवढं सांगा हो, की कोपर अजून जाम दुखतंय म्हणून.