एकचं बटण

"एक म्हणजे काय, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे मी किती डोकं फोडू?" टायपिस्टबाईंनी लॅपटॉप दूर सारला.

एकपासून दहापर्यंतच्या आकड्यांची बेरीज करायची, एवढाच तर प्रोग्रॅम. पण पडद्यावर पुन्हा तोच लाल इंग्रजी मजकूर आला होता. 'एक' नावाचं इथं कुणी ओळखीचं नाही, असा बाईंनी त्याचा अर्थ लावला होता. सकाळपासून त्याने हाच धोशा लावला होता.

ऑफिसातला टायपिंग विभाग बंद होणार होता. उद्याच्या परीक्षेत प्रोग्रॅम चालवून दाखवेल त्याला संगणक विभागात खुर्ची, बाकीच्यांना घरची वाट. ज्या बाईंच्या वेगाला अख्ख्या ऑफिसात तोड नव्हती, त्या आता रडकुंडीला आल्या होत्या.

"माझं डोकंच गेलंय गं," त्या म्हणाल्या. "वय झालं म्हणायचं आणि गप्प बसायचं."

घरातली धाकटी जाऊ प्रोग्रॅम लिहिण्याच्याच कामावर पोट भरत होती. तिने लॅपटॉप पुढे ओढला. "ताई, तुम्ही वाचा, मी टाइप करते."

बाईंनी वाचलं, जावेनं टाइप केलं. प्रोग्रॅम निमूटपणे चालला आणि पंचावन्न दाखवून मोकळा झाला.

"बघ. माझ्याशीच वाकडं आहे त्याचं."

"आता तुम्ही करा."

बाईंनी तेच सगळं टाइप केलं. पुन्हा लाल. या वेळी जाऊ पडद्याकडे बघतच नव्हती, तिची नजर बोटांवर होती.

"ताई, एक कुठून मारलात?"

"नेहमी मारते तिथूनच की." उजव्या हाताची अनामिका आपसूक इंग्रजी एलवर जाऊन बसली.

"अहो, हा एल झाला. एक तिकडे, वर कोपऱ्यात."

बाई बघतच राहिल्या. "आमच्या जुन्या टाइपरायटरला एकचं बटण नव्हतंच. आकडे दोनपासून सुरू. एकच्या जागी बारीक एल मारायचा. कागदावर कुणाच्या बापाला फरक कळत नव्हता."

"कागदाला चालायचं. याला नाही चालत."

बाई हसत सुटल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला, इतकं हायसं वाटलं त्यांना. मग त्यांनी कोपऱ्यातलं बटण दाबून बघितलं. पंचावन्न. पुन्हा पंचावन्न. तिसऱ्या वेळी मात्र अनामिका गुपचूप एलवर परतली.

बाई उठल्या आणि औषधांच्या डब्यातून चिकटपट्टी घेऊन आल्या. बोटाला ती घट्ट गुंडाळली, म्हणजे एलकडे जाताना त्याला आठवण राहील.

दुसऱ्या दिवशी परीक्षकाचं लक्ष आधी त्या बोटाकडेच गेलं. "बाई, लागलंय का? तुमची परीक्षा पुढे ढकलू या?"

"नको," टायपिस्टबाई खुर्ची ओढून बसल्या. "डोक्याचं दुखणं असेल म्हणून घाबरले होते. निघालं बोटाचं."