मोठीची कंबर

म्हाताऱ्या डॉक्टरांनी डोळे मिटून गाऊनची कंबर दोन्ही हातांनी चाचपली.

"हा तुमचा?"

"ताईचा. ती दोन महिन्यांपूर्वी गेली," धाकटी म्हणाली. "आईला दिसत नाही. ताई गेली हे कितीदा सांगितलं, तरी डोक्यात राहत नाही. माझ्या कमरेला हात घालते अन् म्हणते, 'तू धाकटी. मोठीला पाठव.' ताईशिवाय कुणाच्याच हातचं खात नाही. नाकातून नळी घातली, ती उपटते. माझी कंबर या गाऊनसारखी करून द्या."

धाकटीचा नवरा खुर्चीत चुळबुळला. "डॉक्टर, समोरच्या दवाखान्यात यंत्र आहे. चरबी गोठवतं. चिरफाड नाही. कंबर कशी होईल ते पडद्यावर आधीच दाखवतात."

"चांगलं यंत्र आहे. किती दिवस म्हणाले?"

"तीन महिने."

"आईंकडे आहेत तेवढे?"

नवऱ्यानं नकारार्थी मान हलवली.

"यंत्रानं चरबी जाईल. पण डावीकडे हे खोलगट वळण आहे ना, ते हातानंच साधलं तर साधेल. हमी देत नाही. हात सत्तरीचा आहे."

"थरथरतो?" नवऱ्यानं धीर करून विचारलं.

"चहाचा कप धरला की. काम करताना नाही."

कितीतरी दिवसांनी धाकटी हसली. "लग्नापासून हे 'बारीक हो, बारीक हो' करतायत. आता होतेय तर यांचंच तोंड सुकलं!"

"गमतीनं म्हणायचो गं," तो पुटपुटला.

शस्त्रक्रिया झाली. पाच आठवडे धाकटी घट्ट पट्ट्यात पडून राहिली. आईचं नवऱ्यानं पाहिलं. उपटलेली नळी पुन्हा पुन्हा घालून कसाबसा जीव तगवला.

सूज उतरली तशी धाकटी ताईचा गाऊन घालून पलंगाशी उभी राहिली. तोंडातून शब्द काढला नाही.

आईनं कवेत घेतलं. बोटं पाठीमागे एकमेकांत गुंतली. मग तळवा डाव्या वळणावरून सावकाश फिरला.

"मोठे! आलीस गं बाई!"

धाकटीच्या डोळ्यांना धार लागली. नवऱ्यानं लगबगीनं पेजेची वाटी तिच्या हाती दिली, चमचा वाजला.

"ठेव ती," आई म्हणाली. "आधी धाकटीला घेऊन ये. महिना झाला, फिरकली नाही पोरगी. ती समोर बसल्याशिवाय घशाखाली घास उतरायचा नाही माझ्या. आणि हे बघ, भलत्याच कुणाला पुढे करू नकोस. तिची कंबर माझ्या कवेत मावत नाही. मी लगेच ओळखीन."