चरबी कढवताना

दुपारच्या झोपेत चंद्रभागाबाईंना वास आला आणि त्या पुन्हा चौदा वर्षांच्या झाल्या. डोळे मिटलेलेच होते. घरामागे तीन दगडांवर आईनं पातेलं चढवलं असणार, आता हाक येईल, म्हणून त्या तशाच पडून राहिल्या. हाक आली नाही. हळूहळू वरचा पंखा ऐकू यायला लागला, मग खाली बिबवेवाडीचा रस्ता. वास मात्र गेला नाही.

त्या उठल्या आणि भिंतीला हात लावत अनवाणीच स्वयंपाकघरापर्यंत आल्या.

ओट्याशी पूर्वा उभी होती, त्यांची मुलगी. हिंजवडीच्या कंपनीला शनिवारची सुट्टी होती. गेले तीन आठवडे ती मांस आणि अंडी यांपलीकडे काही खात नव्हती. भात बंद, पोळी बंद, फळसुद्धा बंद. वजन उतरलं होतं, पण उठता-बसता चक्कर यायची, पोटऱ्यांत गोळे यायचे. तिच्या आहाराचा सल्ला देणारी बाई फोनवर म्हणाली होती की नुसतं चिकनचं कोरडं मांस खाऊन भागणार नाही, जनावराची चरबी वाढव. म्हणून तिनं सकाळी मटणवाल्याकडून किलोभर चरबी आणली होती. लिंबाएवढे गोळे तिनं कढईत टाकले होते आणि खाली आच मोठी. कडा करपल्या होत्या, मधलं तसंच पांढरं होतं, आणि धूर छताला लागला होता.

चंद्रभागाबाईंनी गॅस बंद केला. गोळे ताटात काढले, निवू दिले. मग विळी घेऊन खाली बसल्या आणि हरभऱ्याएवढे बारीक तुकडे करू लागल्या. जाड बुडाच्या पातेल्यात वाटीभर पाणी घातलं, त्यात तुकडे सोडले आणि आच इतकी बारीक केली की ज्योत दिसेना. हे सगळं हातांनीच केलं. त्या स्वतः अजून अर्ध्या झोपेत होत्या.

पूर्वा बघतच राहिली. रविवारी घरात मटण व्हायचं, पण आई दुकानात उभी राहून पांढरं सगळं काढून टाकायला लावायची. इतक्या वर्षांत चरबीचा तुकडा या घरात आला नव्हता.

“आई, तुला कसं येतं हे?”

“येतं,” चंद्रभागाबाई म्हणाल्या.

पाणी आटलं. पातेल्यातून बारीक आवाज येऊ लागला, शेजारी कुणी झोपेत श्वास घेत असावं तसा. तुकडे पारदर्शक होत चालले. बहात्तरच्या दुष्काळात चंद्रभागाबाईंच्या गावात गुरं पटापट मेली होती. बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून वडिलांनी मेलेल्या जनावराला हात लावला नव्हता, घरात कुणाला लावू दिला नव्हता. त्या उन्हाळ्यात एकदा आईनं मेलेल्या गुराची चरबी गुपचूप आणली, घरामागे कढवली. वडील अवेळी घरी आले. वास आल्यावर दारातच थांबले. मग आत येऊन पाटावर बसले आणि आईनं वाढलं ते खाली मान घालून जेवले. दुसऱ्या दिवशी कपड्यांना राहिलेल्या त्या वासानं वर्गातल्या मुली चंद्रभागेपासून सरकून बसल्या. पुढे ती पुण्याला वसतिगृहात शिकली, महापालिकेच्या शाळेत बाई झाली. घरात तिच्या साऱ्या आठवणी त्या वसतिगृहापासूनच सुरू व्हायच्या. त्याआधीचं ना मुलीला सांगितलं, ना नवऱ्याला.

आता पातेल्यात सोन्यासारखी निवळ चरबी दिसत होती. त्यांना वाटलं, आत डोकावलं तर आईचा चेहरा दिसेल. त्या जरा वाकल्याही. वाफेनं चष्मा धुरकटला, त्यांनी तो पुसला नाही.

बाबुराव, त्यांचे यजमान, दारात येऊन उभे राहिले. हॉलमध्ये ते पेपर वाचत होते. पेपर अजून हातात होता. या घरातली शिस्त त्यांची. मोठ्यानं बोलायचं नाही, कपड्याला इस्त्री हवी, पाहुण्यांपुढं काचेचे पेले. बालपणाबद्दल कुणी विचारलं तर त्यांची गोष्ट खडकीच्या चाळीपासून निघायची. वडील कारखान्यात होते, मी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. तिथपर्यंतच.

पूर्वा घाईनं म्हणाली की पप्पा, सॉरी, वास पसरलाय, मी एक्झॉस्ट लावते. तिनं बटणाकडे हात नेला.

“राहू दे,” बाबुराव म्हणाले.

त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि गॅसजवळ बसले. डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. पेपर मांडीवरून घसरून खाली पडला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“चिमूटभर मीठ टाक त्यात,” ते डोळे न उघडताच म्हणाले. “आमची आई टाकायची.”

चंद्रभागाबाईंचा हात थांबला. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाच्या तोंडून आईच्या चुलीबद्दल एक शब्द ऐकला नव्हता. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. सत्तरीचा, दाढी गुळगुळीत केलेला तो चेहरा एखाद्या मुलासारखा दिसत होता, भूक लागलेल्या आणि आता वाढणार म्हणून वाट बघणाऱ्या. पूर्वा एकदा आईकडे, एकदा वडिलांकडे पाहत होती.

खालून एक रिक्षा गेली. उन्हाची तिरीप ओट्यावर आली होती.

“आमच्याकडे,” चंद्रभागाबाई म्हणाल्या, “मीठ नंतर टाकायचे.”