दोन बटणं कमी

भिवाजीच्या भंगाराच्या दुकानात प्रज्वल गुडघ्यावर बसला होता आणि वायरींच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होता. बाहेर शेलूबाजारचा आठवडी बाजार उठत आला होता. माल विकून झाला की बाकीचे लोक जीप धरून घर गाठतात. हा पठ्ठ्या पत्ताकोबीची रिकामी पोती मोटारसायकलला बांधून सरळ इथे यायचा. पावसाळ्यापासून हेच. लोक हसायचे. हसणारच की! पोरं मोबाइलवर जगभरचे गेम खेळतात, आणि तिशी ओलांडलेला हा गडी लहानपणच्या टीव्ही गेमचा रिमोट शोधत भंगार उपसतो. मागे एकदा तर त्याने इथूनच जुना डबा टीव्ही उचलला आणि गाडीवर बांधून किन्हीराजाला घरी नेला. नव्या चपट्या टीव्हीला तो गेम लागत नाही म्हणून.

गेमचा डबा घरी होता. कॅसेट होती. पहिला रिमोटही माळ्यावर पोत्यात सापडला होता. अडलं होतं ते दुसऱ्यासाठी. नवे मिळतात त्यांची पिन या डब्यात बसत नाही.

भिवाजीने आपणहून दोन-तीन रिमोट काढून पुढे टाकले. एकाची पिन रुंद, एकाची वायर उंदरांनी खाल्लेली. प्रज्वलने मान हलवली आणि पुन्हा ढिगात हात घातला. अगदी तळातून एक निघाला, पिवळट पडलेला, फटींत माती बसलेली. त्याने तो शर्टाच्या टोकाने पुसला, आणि त्याचा चेहराच बदलला.

भिवाजीने रिमोट हातात घेऊन उलटापालटा केला. "हा नको नेऊ बाप्पा. अर्धवट माल हाये. दोन बटनं कमी हायेत याले. सुरू करायचंच बटन नाई."

"दुसऱ्याले नसतेच," प्रज्वल म्हणाला. "सुरू तं मोठाच करते."

भिवाजीच्या डोक्यात काही ते शिरलं नाही. अर्धवट मालाचे पैसे कायले घ्यायचे म्हणून त्याने रिमोट तसाच देऊन टाकला, आणि जाता जाता प्रज्वलच्या मोठ्या भावाची, धीरजची, तब्येत विचारली. हाये तसाच, एवढंच बोलून प्रज्वलने किक मारली.

घरी धीरज खाटेवर भिंतीला टेकवून ठेवला होता तसाच बसलेला होता. गाडीवरून पडून डोक्याला मार लागला, तेव्हापासून बोलणं बंद. डोळे उघडे असायचे, पण बघायचा कुठे ते कळत नसे. डॉक्टर म्हणाले होते, जुन्या ओळखीचं काही ना काही दाखवत राहा, काय लागू पडेल सांगता येत नाही. आई, कस्तुराबाई, दिवसभर मळ्यात. मग घरात प्रज्वल एकटाच बोलायचा. पत्ताकोबीचा भाव सांगायचा, गावातल्या भानगडी सांगायचा, मुद्दाम खोटंनाटंही ठोकून द्यायचा. दादा नेहमीसारखा खेकसेल म्हणून. दादा खेकसत नव्हता. भांडायला हक्काचं माणूस समोर बसलेलं आणि भांडण काही होत नाही. प्रज्वलला इतकं एकटं उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

त्याने तारा जोडल्या. पहिला रिमोट दादाच्या हातात दिला, बोटं त्याभोवती नीट वळवली. दुसरा घेऊन तो खाली, खाटेच्या पायाशी, आपल्या जुन्या जागेवर बसला. मग हात वर करून दादाचा अंगठा बटणावर ठेवला आणि वरून दाबला. टीव्हीतून ती जुनी धून वाजली.

पडद्यावर दोन रणगाडे उभे राहिले. पिवळा दादाचा, हिरवा त्याचा. खाली मधे विटांच्या आडोशाला घारीची खूण, ती दोघांनी राखायची. ती फुटली की खेळ खलास. वरून दुश्मनाचे रणगाडे उतरायला लागले.

"दादा, चाल," प्रज्वल म्हणाला. "तुह्यावरच येऊन राह्यला तो."

पिवळा हलला नाही. प्रज्वलने वळून पाहिलं. अंगठा ठेवला होता तिथेच होता. डोळे टीव्हीकडे होते खरे, पण टीव्ही तर समोरच होता.

प्रज्वलने नाक पुसलं. मग हिरवा रणगाडा त्याने पिवळ्याच्या पुढ्यात आणून आडवा लावला, आणि येईल त्याला टिपत राहिला. घारीकडे बघायला कोणीच उरलं नाही. ती फुटली. पिवळ्याला खरचटलंही नव्हतं. त्याने दादाचा अंगठा पुन्हा दाबला. पुन्हा तसंच झालं.

कस्तुराबाई मळ्यातून आली. डोक्यावरची पाटी उतरवून दारातच उभी राहिली आणि तिने विचारलं, "याच्यातला धीरजचा कोनता?"

"पिवळा."

ती बराच वेळ पाहत राहिली. "हालून नाई राह्यला तो."

"मीबी हालत नोतो, आई. लहान होतो तं भेव लागे. दादा म्हने, तू नुसता उभा राय, मी हावो ना पुढे."

घार फुटली. पडद्यावरचा खेळ संपला. प्रज्वलने मागे न पाहताच हात वर केला, दादाचा अंगठा शोधला आणि दाबला. हिरवा पुन्हा पिवळ्याच्या पुढे जाऊन उभा राहिला.