फांदीवरची पिशवी

भांडी घासायच्या पावडरीची आमची नमुन्याची पिशवी आजींनी घरात घेतलीच नव्हती. ती अंगणातल्या पेरूच्या फांदीला बांधलेली होती.

"पावडर वापरून बघितली नाहीत, आजी?"

"नाव वाच की पोरी. रक्षा कुणी घरात आणतंय व्हय? परवाच ह्यांची नदीत सोडून आलोय."

पांढरं सुती कापड, तोंडाला दोरा, आत करडी पावडर. भांडी निम्म्या पाण्यात स्वच्छ निघावीत म्हणून मी ती दीड वर्ष प्रयोगशाळेत खपून तयार केली होती. "रक्षा म्हणजे जंतूंपासून संरक्षण," नाव ठरवताना कंपनीचे दिल्लीचे साहेब म्हणाले होते. "प्लास्टिकऐवजी कापड. बायका पिशवी जपून ठेवतील."

"घेऊन जाते," म्हणत मी गाठीला हात घातला.

"थांब. पावडरीनं काय केलंय?" आजींनी आतून काळवंडलेला पितळी तांब्या आणला. "ह्यांचा. दुखण्यात घासायचा राहिला."

आम्ही दोघींनी तो अंगणातच घासला. पितळ पुन्हा पिवळं झाल्यावर आजी तो बराच वेळ धरून बसल्या. मग उरलेली पावडर डब्यात ओतून त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली.

"ही तेवढी जाताना नदीत सोड."

पिशवी रिकामी होती. तरी मी ती दोन्ही हातांनी घेतली.