थोरल्याचे डोळे

आईच्या घरात दोन कुत्रे, आणि सामान एवढं की पाय ठेवायला जागा नाही. या खेपेला मी कंबर कसूनच आले होते. पण एका तरी वस्तूला हात लावू देईल तर ती आई कसली!

"अगं, थोरल्याला हल्ली दिसत नाही," मोठ्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली. "सामानाच्या अंदाजानेच घरभर फिरतो बिचारा. काही हलवू नकोस, धडपडेल."

"कुत्र्याच्या नावाखाली भंगार सांभाळतेस झालं!" मी फणकारले.

ती आंघोळीला गेली आणि मी डाव साधला. बंद पडलेलं शिलाई मशीन, मोडक्या पाठीची खुर्ची, गंजलेली ट्रंक, सगळं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवलं. बाथरूमपासून पलंगापर्यंतची वाट कशी मोकळी झाली. धाकटा तर त्या मोकळ्या फरशीवर घसरत सुटला. थोरला मात्र कोपऱ्यात बसून माझ्याकडेच बघत होता. मला शंका आली. मी चेंडू उचलला आणि आवाज न करता त्याच्या दिशेने भिरकावला.

त्याने उडी मारून तो हवेतच झेलला.

"आई, ये बाहेर! चांगलं लख्ख दिसतंय की तुझ्या थोरल्याला!" मी ओरडले.



आई बाथरूममधून बाहेर आली, आणि जिथे शिलाई मशीन असायचं तिथल्या रिकाम्या हवेत हाताने चाचपडत राहिली.